४३६ बळी घेणारी वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटला बक्षीस मिळाली एक 'हलकी' रायफल!

नरभक्षक वाघाच्या मागावर निघालेला शिकारी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती भलीमोठी दुनळी बंदूक. पण जिम कॉर्बेटच्या नावाशी कायमची जोडली गेलेली रायफल अगदी सडसडीत होती. तिची गोळी जेमतेम ७ मिलिमीटर जाडीची!

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालमधला. वडील पोस्टमास्तर होते. ते लवकर गेले आणि घरात खाणारी तोंडं भरपूर. महागड्या बंदुकीचं नावही काढायची सोय नव्हती. त्याला पहिली बंदूक मिळाली तीही कुणी दिलेली, जुनी ठासणीची दुनळी. एक नळी फुटलेली आणि सगळा डोलारा तारेनं आवळलेला! पुढे कॅडेट असताना पॉइंट ४५० मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. अट एवढीच, की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसं परत करायची.

मार्टिनीचा धक्का जबर, शिवाय एका वेळी एकच गोळी. म्हणजे पहिली चुकली तर संपलंच. कॉर्बेटचा नेम घडला तो अशा फुकटच्या बंदुकांवर. पहिला बिबट्याही त्यानं पोरवयात याच मार्टिनीनं मारला.

मग रेल्वेची नोकरी, मोकामा घाटावर मालाच्या चढ-उताराचं कंत्राट, आणि १९०७ साली चंपावतची वाघीण. सरकारी नोंदीप्रमाणे तिनं ४३६ माणसं मारली होती. कॉर्बेटकडे पॉइंट ५०० ची दमदार रायफल होती, पण काडतुसं मोजून तीन. ती संपली आणि वाघीण जखमी होऊन समोर उभी! त्यानं धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक घेतली. तिची नळी आणि मागचा भाग यांच्यात चक्क फट होती. नेम धरला जबड्यावर, गोळी लागली पंजाला. आधीच्या जखमांनी वाघीण पडली म्हणून निभावलं.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची पॉइंट २७५ रायफल भेट दिली. गंमत म्हणजे हे काडतूस मूळचं जर्मन, माउझरचं. बोअर युद्धात इंग्रजांवर हीच काडतुसं झाडली गेली होती!

आता ही रायफल एवढी कामाची का? मोठ्या दुनळी रायफलीत दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर गोळ्या झाडून बघत आणि नळ्या पुन्हा पुन्हा जुळवत. किंमत वाढते ती या मेहनतीमुळे. बोल्ट ॲक्शनमध्ये नळी एकच, त्यामुळे ती भानगडच नाही. शिवाय वजन कमी, धक्का कमी, आणि धक्क्याची धास्ती नसली की चाप ओढताना हात हलत नाही. डोंगरात दिवसभर पायपीट करणाऱ्याला आणखी काय हवं?

अर्थात, कॉर्बेटनं मोठी बंदूक सोडली नव्हती. जेफरी कंपनीची पॉइंट ४५०/४०० दुनळी त्याच्याकडे होती. दाट झाडीत वाघ अचानक अंगावर आला, तर बोल्ट मागेपुढे करायला वेळ कुठून आणणार? पण २ मे १९२६ च्या रात्री गुलाबराईच्या आंब्यावर बसताना हातात होती ती रिग्बीच. रायफलला टॉर्च बांधलेला. बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली, टॉर्च लागला, एक गोळी सुटली आणि लगेच टॉर्चनं दगा दिला. बाकीची रात्र अंधारात काढावी लागली. १२५ माणसांचा जीव घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या सकाळी मेलेला सापडला.

पुढे कॉर्बेटच्या हातात बंदुकीपेक्षा कॅमेराच जास्त दिसू लागला. १९४७ मध्ये तो बहीण मॅगीसोबत केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथं वारला. रिग्बी रायफल बरीच वर्षं त्याच्या प्रकाशकांकडे, म्हणजे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे होती. २०१५ मध्ये ती पुन्हा रिग्बी कंपनीकडे आली. चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख असलेली चांदीची पट्टी तिच्या दस्त्यावर आहे.