बंद पडलेल्या गाडीचा मालक

२६ ऑगस्ट १९५० रोजी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या मैदानावर हजारो माणसं एक गाडी बघायला जमली होती. गाडीचं नाव बी.आर.एम., म्हणजे ब्रिटिश रेसिंग मोटर्स. महायुद्ध जिंकलेल्या त्या देशात अजून रेशनिंग चालू होतं, आणि मोटारींच्या शर्यती मात्र हरलेली इटली जिंकत होती. हे उट्टं काढण्यासाठी शंभराहून अधिक ब्रिटिश कारखान्यांनी पैसे, सुटे भाग आणि कारागीर देऊन ही गाडी उभी केली होती. झेंडा पडला. फ्रेंच चालक रेमंड सोमेर याने क्लच सोडला आणि गाडीने एक हिसका खाऊन जागच्या जागी मान टाकली. चाकांकडे ताकद नेणारा सांधाच तुटला होता. चिडलेल्या प्रेक्षकांनी गाडीवर पेन्या फेकल्या, असं तिथली जुनी माणसं सांगत आली आहेत.

दोन वर्षांनी हा संघ रीतसर विकायला निघाला आणि एका माणसाने तो विकत घेतला. त्या माणसाची, आल्फ्रेड ओवेन यांची, ही गोष्ट आहे.

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. आजारी कारखाना विकत घेऊ पाहणारी माणसं समोरच्या खुर्चीवर येऊन बसत, तेव्हा मी एक प्रश्न नेहमी विचारत असे. या कारखान्याला नेमका कसला आजार आहे? पैशाचा, यंत्राचा की माणसांचा? पैशाचा आजार पैशाने बरा होतो. बाकीच्या दोन आजारांवर पैसा ओतला, तर आजारच पोसला जातो. ओवेन यांची कथा वाचताना हा प्रश्न मला पुन:पुन्हा आठवत राहिला.

ओवेन यांचा जन्म १९०८ चा. वडिलांचा इंग्लंडच्या मध्यभागी, डार्लास्टन गावात रुबरी ओवेन नावाचा कारखाना होता. मोटारींचे सांगाडे, नटबोल्ट असा पोलादी माल तिथे तयार होई. १९२९ मध्ये वडील गेले आणि केंब्रिजमध्ये शिकणारा एकवीस वर्षांचा मुलगा शिक्षण सोडून गादीवर बसला. त्याने त्या कारखान्याचा मोठा उद्योगसमूह केला. वृत्तीने धर्मनिष्ठ ख्रिस्ती, अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या बर्नार्डो संस्थेत अनेक वर्षं राबलेला. मोटार शर्यती म्हटल्यावर जो छानछोकीचा रंगेल धनिक डोळ्यांपुढे येतो, त्याच्याशी या गृहस्थाचं काही नातं नव्हतं.

मग त्यांनी हे का ओढवून घेतलं? ओवेन सुरुवातीपासून या खटाटोपात सामील होते. देशाच्या नावाने सुरू केलेलं काम अर्धवट टाकायचं त्यांच्या मनाला पटेना. आपल्याकडे वडिलांचं कर्ज मुलगा इभ्रतीखातर फेडतो ना, तसंच काहीसं.

घेतलं काय, तेही पाहा. गाडीचं इंजिन दीड लिटरचं, म्हणजे घरगुती मोटारीएवढं, पण त्यात चारांऐवजी सोळा सिलिंडर. ताकद अफाट, आवाज कानठळ्या बसवणारा आणि दुखणी अगणित. १९५१ च्या ब्रिटिश शर्यतीत दोन गाड्या पाचव्या आणि सातव्या आल्या, तेव्हा आतल्या उष्णतेने चालकांचे पाय भाजून निघाले होते. १९५२ मध्ये ट्युरिनच्या शर्यतीला संघ गेलाच नाही. मग आयोजकांचा भरवसा उडाला आणि जागतिक स्पर्धा वेगळ्या, लहान ताकदीच्या गाड्यांसाठी घेण्यात आली. म्हणजे ओवेन यांनी घेतला तो माल घेतानाच कालबाह्य झालेला होता.

आता आजाराचं निदान. शंभर देणगीदार आणि एक समिती, म्हणजे धनी कोणीच नाही. ओवेन आल्यावर हा आजार एका सहीनिशी संपला. पण दुसरा तसाच राहिला. रेमंड मेज आणि पीटर बर्थन या ज्या दोघांनी गाडीचं स्वप्न पाहिलं होतं, तेच लिंकनशायरमधल्या बोर्न गावी संघ चालवत राहिले. कल्पना भरपूर, पण एक गाडी नीट तयार होण्याआधी दुसरीचे आराखडे. ओवेन दूर डार्लास्टनला, डोक्यावर अनेक कारखान्यांचा व्याप. पैसे पोचत होते, धन्याची नजर पोचत नव्हती. जागतिक स्पर्धेतला पहिला विजय मिळायला १९५९ साल उजाडलं. योआकिम बोनियर याने हॉलंडमध्ये तो मिळवला.

याच काळातली आणखी एक गोष्ट तुलनेला घ्यावी अशी. टोनी व्हँडरव्हेल हे बेअरिंगचे कारखानदार त्याच समितीत होते. ते वैतागून बाहेर पडले आणि त्यांनी व्हॅनवॉल नावाचा स्वत:चा संघ नव्याने उभारला. १९५८ मध्ये गाड्या बनवणाऱ्यांचं पहिलं जागतिक विजेतेपद त्यांनी जिंकलं. पण त्याच मोसमाच्या अखेरीस मोरोक्कोत त्यांचा तरुण चालक स्टुअर्ट लुईस-इव्हान्स भाजून दगावला. प्रकृतीही ढासळली होती. १९५९ च्या आरंभी व्हँडरव्हेल यांनी माघार घेतली. नवा संसार मांडणारा आधी पोचला आणि आधी थांबला. जुना विकत घेणारा मागे राहिला, पण टिकला.

१९६० मध्ये चालकांनीच तक्रार केली, तेव्हा कुठे गाडी बदलली. टोनी रड या शांत डोक्याच्या इंजिनियरकडे सूत्रं आली. ओवेन यांनीही प्रथमच मुदत घातली: १९६२ मध्ये यश नाही मिळालं तर संघ बंद. त्या वर्षी ग्रॅहम हिल याने चार शर्यती जिंकल्या. २९ डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनमध्ये पुढे असलेल्या जिम क्लार्कच्या गाडीतलं तेल गळालं, आणि हिल व बी.आर.एम. दोघेही जगज्जेते झाले. खरेदीला दहा वर्षं झाली होती. ओवेन त्याआधी वर्षभर सर झाले होते.

इथे पडदा पडता तर गोष्ट गोड होती. पण १९६६ साठी पुन्हा सोळा सिलिंडरचं, एकावर एक दोन इंजिनं रचल्यासारखं अवजड धूड तयार झालं, आणि तेही त्याच रड यांच्या हातून. १९६९ मध्ये ओवेन यांना पक्षाघात झाला. संघ बहीण जीन आणि मेहुणे लुई स्टॅन्ली यांच्याकडे गेला. काही मोठे विजय अजून यायचे होते. शेवटचा, सतरावा, १९७२ मध्ये मोनॅकोच्या पावसात आला. १९७४ च्या अखेरीस रुबरी ओवेनने हात काढून घेतला. पुढच्याच वर्षी सर आल्फ्रेड गेले. स्टॅन्ली यांनी कसाबसा ओढलेला गाडा १९७७ मध्ये थांबला.

हा व्यवहार फायद्याचा होता का? ताळेबंदाच्या भाषेत, नाही. बावीस वर्षं पैसा एकाच दिशेने वाहत होता. मात्र या शर्यतींनी कारखाना बुडवला, असं म्हणणंही अन्यायाचं ठरेल. डार्लास्टनचा कारखाना १९८१ मध्ये बंद पडला तो ब्रिटिश मोटार उद्योगाच्या घसरणीत. ओवेन यांनी झेपेल तेवढंच ओझं उचललं होतं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. विजय मल्ल्या यांनी एका डच कुटुंबासह २००७ मध्ये स्पायकर संघ ८ कोटी ८० लाख युरोंना घेतला आणि त्याला फोर्स इंडिया नाव दिलं. छोट्या बजेटात त्या संघाने चांगली झुंज दिली. तरी जुलै २०१८ मध्ये तो दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला आणि कॅनडाचे लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने तो घेतला. धनी बदलतात, खर्च तोच राहतो.

म्हणून असा संघ घ्यायला कोणी निघालाच, तर मी त्याला किंमत विचारणार नाही. नको म्हणायचा अधिकार तिथे कोणाच्या हाती असेल आणि तुमची मुदत कोणती, एवढंच विचारेन. ओवेन यांनी मुदत एकदाच घातली, आणि त्याच वर्षी ते जिंकले. पुढे मुदत घालणारा माणूसच अंथरुणाला खिळला.

अलीकडे ओवेन कुटुंबाने तीच सोळा सिलिंडरची गाडी जुन्या आराखड्यांवरून पुन्हा बनवून घेतली, तीही बोर्नमध्येच. तिचा तो आवाज ऐकायला आता माणसं मुद्दाम जमतात, आणि पेन्या कोणी फेकत नाही.