गळ्यावरचा पिवळा ठिपका

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे ते मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतील घरी वाढले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा त्यांचा आवडता खेळ होता. एकदा टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा ठिपका दिसला. मामांनाही तिची ओळख पटेना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून जतन केलेले नाना जातींचे पक्षी त्या संकोची मुलाला कौतुकाने दाखवले. चिमणीसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांतही इतके भेद असतात, हे त्याला त्या दिवशी उमगले.

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. ब्रह्मदेशातील कौटुंबिक व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. विद्यापीठाची पदवीही त्यांच्याजवळ नव्हती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मिळालेल्या नोकरीतून रजा घेऊन ते जर्मनीला गेले व बर्लिन येथे श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकले. १९३० साली ते परतले, तेव्हा पैशाअभावी ते पदच रद्द झाले होते. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम येथे जाऊन राहिले. बेकारीचे ते दिवस पक्षिशास्त्राला लाभदायक ठरले, असे म्हणावे लागेल! घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तासन्‌तास निरीक्षण करून त्यांनी नोंदी केल्या. नर घरटे अर्धेच विणतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीने पसंत केले तरच तो ते पूर्ण करतो आणि मग दुसरे विणायला घेतो. मेलेल्या नमुन्यावरून पक्ष्याचे नाव ठरवता येते. त्याची ही रीत जिवंत वसाहतीतच कळू शकत होती.

पुढे त्यांनी अनेक संस्थानांतील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. बंगळूरसह सारा म्हैसूर मुलूख त्यांत होता. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले आणि सामान्य वाचकालाही पक्षी ओळखणे सुलभ झाले.

मोठ्या चोचीची एक सुगरण ह्यूम यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवली होती. ती फारच विरळा दिसे. १९५९ साली सलीम अली यांना ती कुमाऊँच्या तराईत, दलदलीच्या गवताळ प्रदेशात पुन्हा आढळली. तिचा पूर्वेकडील प्रकार वेगळी उपजाती ठरवून पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९६० मध्ये त्या उपजातीस सलीम अलींचे नाव दिले.

सलीम अली १९८७ साली निवर्तले. तराईतील गवताळ रानांची जागा शेतीने घेतल्यामुळे ती सुगरण आज संकटग्रस्त पक्ष्यांत गणली जाते.