डॉ. कमला सोहोनी : वालाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ

आपल्या कर्जत-खालापूरकडे भात कापून झालं की शेतात वाल पेरतात. आई वाल भिजवते, मोड आणते, सोलते आणि चांगलं शिजवून बिरडं करते. वाल कच्चे का खात नाहीत? कारण त्यात आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी प्रथिने असतात. या प्रथिनांचा अभ्यास डॉ. कमला सोहोनी यांनी केला.

त्या माहेरच्या कमला भागवत. जन्म इंदूरचा. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. तरीही केवळ मुलगी म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कमलाताई मागे हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम पारखण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि इतर मुलींसाठीही दार उघडलं.

१९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांसोबत नीरा, कडधान्ये यांवर संशोधन केलं. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

सूर्यफुलाच्या बीमध्येही ट्रिप्सिनला अडवणारा, फक्त १४ अमिनो आम्लांचा एक कण असतो. तो बांगडीसारखा गोल असल्यामुळे सहज तुटत नाही. कडधान्यांतल्या अशा काही प्रथिनांचा महत्त्वाचा भाग याच्यासारखाच असतो. अशा गोल कणांपासून दाह कमी करणारी औषधे बनवण्याचे प्रयत्न आज सुरू आहेत.

मुलांनो, आपल्या ताटातल्या वालातही केवढं विज्ञान आहे बघा!