स्वामी कुवलयानंद
स्वामी कुवलयानंद (३० ऑगस्ट १८८३ – १८ एप्रिल १९६६) हे योगाचा वैज्ञानिक अभ्यास करणारे आद्य संशोधक होत. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत प्रा. माणिकरावांकडे त्यांनी आखाड्यातील बलोपासना केली. पुढे परमहंस माधवदासजींकडून योगसाधना आत्मसात केली. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने व यौगिक क्रिया यांचे शरीरावरील परिणाम त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. केवळ पिळदार स्नायू म्हणजे आरोग्य नव्हे. मज्जासंस्था व अंतःस्रावी ग्रंथी निरोगी असणे आणि मन स्थिर असणे तितकेच आवश्यक आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे शारीरिक शिक्षणात योगाला स्थान मिळावे, यासाठी ते आयुष्यभर झटले.