तेरचे कच्चे मडके

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला असता, मुक्ताबाईंच्या सूचनेवरून काकांनी मडकी पारखण्याचे थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले, अशी कथा परंपरेने जपली आहे. इतरांनी ते निमूटपणे सोसले; नामदेव संतापले आणि कच्चे ठरले.

दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी १२७० मध्ये जन्मलेले नामदेव विठ्ठलाचे लाडके भक्त म्हणून ख्यात होते. चारचौघांत झालेला हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. तथापि, परीक्षेनंतर त्यांना गुरू लाभला. औंढ्या नागनाथास विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. ते पाय उचलून जेथे ठेवावेत तेथे पिंडी प्रकटू लागली आणि चराचरातील ईश्वर नामदेवांना उमगला. पुढे कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. याच नामदेवांनी पंजाबातील घुमानपर्यंत भक्तिमार्ग नेला. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. १३५० मध्ये त्यांनी देह ठेवला.

आजच्या शाळेला या चरित्रातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. त्याआधी पूरक अध्यापन आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा यांचीही तरतूद आहे. थापटणे हाती आले; विसोबांचे काय? मागे पडलेले मूल बहुधा बुद्धीने उणे नसते, ते हसे होण्याच्या भीतीने मिटलेले असते. अमेरिकेतील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये, अशी मुले कुत्र्याच्या सान्निध्यात मोकळी होतात, हे अनुभवाच्या आधारे मांडले. १९९९ पासून सॉल्ट लेक सिटी येथे अडखळत वाचणारी मुले प्रशिक्षित कुत्र्यांना वाचून दाखवू लागली. श्रोता चूक काढीत नाही, हसत नाही; म्हणून वाचणाऱ्याची जीभ सैल होते.

असा कुत्रा प्रशिक्षित, लस टोचलेला व जाणकार माणसासोबतच असावा. त्याला भिणाऱ्या मुलावर सक्ती नसावी. प्रत्येक खेड्यातील शाळेस हा खर्च पेलणार नाही, हेही खरे. परंतु न हिणवता ऐकून घेणे शिक्षकाला विनाखर्च साधते. तेवढे झाले नाही, तर पूरक अध्यापनाचे ते दोन महिने केवळ कागदावर राहतील आणि कच्चे ठरलेले मडके आव्यात न जाता उकिरड्यावर जाईल.