कलकत्त्यात आमदारकी, पुण्यात नगरपालिका: गोपाळ कृष्ण गोखलेंनी मांडलेला प्रश्न आजही सुटलेला नाही

भिवंडीच्या कामतघरमध्ये वऱ्हाळा तलाव आहे. तलाव, गटार, शाळा हे सगळं महापालिकेचं काम. पण २०२२ मध्ये मुदत संपली, महापालिका काही वर्षं प्रशासकाच्या हातात गेली आणि नगरसेवकच उरले नाहीत. मग लोक आमदार-खासदारांकडे जाणार, दुसरं काय करणार?

देशाच्या सभागृहात बसणाऱ्यानं गल्लीच्या कारभारासाठी नेमकं काय करावं, या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं आयुष्य घालवलं. ते म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

जन्म १८६६ चा, गुहागरजवळच्या कोतळूकचा. वडील लवकर गेले, थोरल्या भावानं नोकरी करून शिकवलं. १८८४ मध्ये बीए झाले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. १८९९ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आणि १९०२ पासून थेट व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात. त्यांची बजेटवरची भाषणं गाजली.

पण याच काळात ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. म्हणजे कलकत्त्यात साम्राज्याच्या तिजोरीचा हिशोब मागायचा आणि पुण्यात येऊन शहराचा कारभार बघायचा. तिजोरी वर आणि जबाबदारी खाली, ही अडचण त्यांना दोन्ही खुर्च्यांवरून दिसत होती.

१९०८ मध्ये विकेंद्रीकरणावरच्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. मागणी साधी होती. गावात पंचायत हवी, नगरपालिका आणि लोकल बोर्डात लोकांनी निवडलेले सदस्य हवेत, आणि कलेक्टरनं एकट्यानं निर्णय न घेता जिल्ह्यात एका कौन्सिलचा सल्ला घ्यावा. सरकारला ही जिल्हा कौन्सिल काही पचली नाही.

मग आलं त्यांचं सगळ्यात गाजलेलं विधेयक. मार्च १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रस्ताव मांडला. हे शिक्षणाचं विधेयक म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा सगळा डोलारा स्थानिक संस्थांवर उभा होता. सक्ती देशभर एकदम लागू होणार नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा बोर्डाला वाटेल, तिनं सरकारची परवानगी घेऊन आपल्या हद्दीत ती करायची. त्यासाठी शिक्षणकर लावायची मुभा होती. खर्चाचा एक तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेचा, दोन तृतीयांश सरकारचा. भिवंडीत तेव्हाही नगरपालिका होती, म्हणजे तिलाही हा निर्णय घेता आला असता.

मार्च १९१२ मध्ये मतदान झालं. बाजूनं १३, विरोधात ३८. सरकारी सदस्यांच्या जोरावर विधेयक पडलं.

गोखले थांबले नाहीत. फेब्रुवारी १९१५ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले. मरणाच्या दारात असताना त्यांनी सुधारणांचा एक मसुदा लिहून ठेवला होता. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात ती जुनी जिल्हा कौन्सिल पुन्हा होतीच.

१९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. सक्ती लागू करायची की नाही, हे त्यातही नगरपालिकेनंच ठरवायचं होतं.