बेकेलाइटचा जनक : लिओ बेकलंड

थोरांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर राजे, संत आणि पुढारी उभे राहतात. परंतु ज्याने निर्माण केलेल्या वस्तूला आपला हात रोज लागतो, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. प्रेशर कुकरची काळी मूठ, जुन्या घरांतील विजेची काळी बटणे, जुना जड टेलिफोन या साऱ्यांच्या मुळाशी बेकेलाइट आहे आणि बेकेलाइटच्या मुळाशी लिओ बेकलंड.

बेल्जियममधील गेंट शहरी १४ नोव्हेंबर १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील चांभारकाम करीत, आई लोकांच्या घरी कामाला जाई. मुलाने आपलाच धंदा शिकावा असे वडिलांना वाटे. आईने मात्र शिक्षणाचा हट्ट धरला. शिष्यवृत्ती मिळवून हा मुलगा गेंट विद्यापीठात गेला आणि १८८४ मध्ये रसायनशास्त्राचा डॉक्टर झाला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे या चरित्रात मला त्या शास्त्रज्ञाइतकीच त्याची आईही मोठी वाटते.

१८८९ मध्ये आपल्या प्राध्यापकांच्या कन्येशी, सेलीन स्वार्ट्स यांच्याशी, विवाह करून ते अमेरिकेस गेले. तेथे आजारपण व कर्ज यांनी त्यांना गाठले. तरीही त्यांनी कृत्रिम प्रकाशात छायाचित्रे छापता येतील असा ‘व्हेलॉक्स’ कागद तयार केला. १८९९ मध्ये ईस्टमन यांनी तो व्यवसाय मोठ्या रकमेस विकत घेतला. आता बेकलंड स्वस्थ बसू शकले असते. पण त्यांनी यॉंकर्स येथील घरी प्रयोगशाळा थाटली.

त्या काळी विजेच्या उपकरणांत वीजरोधक म्हणून लाख वापरीत. ही लाख मुख्यतः आपल्या भारतातून जाई. पळस, कुसुंब, बोर यांच्या फांद्यांवरील चिमुकल्या किड्यांपासून ती मिळे. साहजिकच वाढत्या मागणीला ती पुरेना. तिला पर्याय शोधताना बेकलंड यांनी फिनॉल व फॉर्मल्डिहाइड ही द्रव्ये घेतली. १८७२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बायर यांना याच द्रव्यांपासून एक चिवट राळ मिळाली होती, पण तिचा उपयोग कोणाला सुचला नव्हता. बेकलंड यांचा लाखेसारखा विरघळणारा पदार्थही फारसा खपला नाही. तेव्हा त्यांनी वाट बदलली. न विरघळणारा कठीण पदार्थच का करू नये? बंद भांड्यात उष्णता व दाब देऊन त्यांनी या क्रियेवर ताबा मिळविला. १९०७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०९ मध्ये शोध जाहीर केला. संपूर्णपणे कृत्रिम असे हे पहिले प्लॅस्टिक होय. त्यातून वीज वाहत नाही आणि एकदा घट्ट झाल्यावर ते तापवूनही वितळत नाही. म्हणून रेडिओच्या पेट्यांपासून भांड्यांच्या मुठींपर्यंत ते सर्वत्र पोहोचले.

१९३९ मध्ये त्यांची कंपनी युनियन कार्बाइडकडे गेली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, ते निवर्तले.

बेकेलाइट वितळवून पुन्हा नव्याने घडविता येत नाही. जो गुण तोच कचऱ्याच्या बाबतीत दोष. प्लॅस्टिकच्या ढिगांकडे पाहताना हेही विसरून चालणार नाही. तरीही मित्रहो, इतरांना निरुपयोगी वाटलेल्या राळेत उपयोग पाहणारी ती नजर शिक्षणाने घडविली होती, आणि त्या शिक्षणासाठी दुसऱ्यांच्या घरी राबणारी एक आई हट्ट धरून बसली होती.

— द्वितीय वर्ष, कला